बिनतारखेची कामे

‘वेळ नाही’ हे दोन शब्द आमच्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, याची मोजदाद आम्ही कधी केली नाही. केली असती तर कदाचित लाज वाटली असती. मुलगा गणित विचारायला आला, वेळ नाही. बहिणीचा फोन आला, आत्ता वेळ नाही, रात्री करतो. शेजारच्या खालाबी आजारी आहेत, जायला हवे. पण वेळ कुठे आहे? आणि गंमत अशी की वेळेचे नियोजन या विषयावर मोहल्ल्यात कुणाला सल्ला हवा असेल तर लोक आमच्याचकडे येतात.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. दोघेही उर्दू माध्यमाचे शिक्षक, दोघेही बी.एड., दोघेही पस्तिशीच्या आसपासचे. एकाची शाळा सोलापूर शहरात, दुसऱ्याची दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात. घरात दोन मुले आणि अम्मी. अम्मी आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासू. पण लग्नानंतरच्या या बारा वर्षांत हा फरक कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. त्या दोघांच्याही अम्मी आहेत.

दोघांची नोकरी, दोन वेगवेगळ्या शाळा, एस.टी.ची वेळ, मुलांचे डबे आणि २०२२-२३च्या त्या दिवसांत आमच्या भागात चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी. हे सगळे जमवायचे तर शिस्त हवी होती. ती आम्ही लावून घेतली. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला खिळ्याला एक दोनशे पानी वही लटकवली. सुतळीने पेन बांधला. जे काम आठवेल ते आठवणाऱ्याने तिथल्या तिथे लिहायचे. काम झाले की त्यापुढे बरोबरची खूण. रात्री इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटे वही समोर घेऊन बसायचे आणि राहिलेली कामे दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवायची.

या वहीने आम्हाला खूप काही शिकवले. कामे आठवतील तशी करायची नाहीत, रस्त्याप्रमाणे करायची, हा पहिला धडा. विजापूर वेशीकडे जायचे असेल तर शिंप्याकडचे कपडे, मसाल्याचे दुकान आणि चष्म्याची काडी ही तिन्ही कामे एका फेरीत. सात रस्त्याला बँकेत जायचे असेल तर झेरॉक्स आणि पोस्ट त्याच फेरीत. एकेका कामासाठी वेगळी गाडी काढली की पेट्रोल जाते आणि संध्याकाळही जाते.

दुसरा धडा पिशवीचा. दाराजवळ एक कापडी पिशवी कायम तयार ठेवली. तिच्यात आधार कार्डाच्या, रेशन कार्डाच्या आणि पासबुकाच्या पहिल्या पानाच्या प्रत्येकी दोन झेरॉक्स, सगळ्यांचे दोन-दोन फोटो, निळ्या शाईचा पेन आणि डिंकाची बाटली. कुठल्याही कचेरीत गेलो आणि ‘एक फोटो कमी आहे, उद्या या’ असे ऐकून परतलो, असे त्यानंतर घडले नाही. आपल्या लोकांचे निम्मे दिवस या ‘उद्या या’मध्ये जातात. कागद तयार असला तर समोरच्या माणसाला उद्यावर ढकलायला निमित्त उरत नाही.

तिसरा धडा गर्दी ओळखण्याचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पेन्शनवाल्या बुजुर्गांची रांग असते. आपले काम पंधरा तारखेनंतर करावे. रेशन दुकानात अंगठ्याचे मशीन दुपारनंतर रडू लागते. दुकान उघडताच जावे. लाइट बिल मोबाईलवरून भरावे. आले-लसणाचे वाटण आणि शेंगांची चटणी रविवारी करून ठेवावी. भाकरी मात्र रोजचीच हवी, तिथे नियोजन चालत नाही. रमजानमध्ये शाळा सकाळच्या सत्रात भरते, तेव्हा सहरीनंतर न झोपता कपडे इस्त्री करून टाकावेत. या गोष्टी सांगताना आमचा आवाज थोडा चढतो, हे आम्हाला ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये आमच्या वहीची नक्कल दोघा-तिघांनी केली, त्याचा आम्हाला अभिमानच होता.

आता त्या वहीतल्या एका ओळीची गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. अम्मींनाच विचारले. त्या म्हणाल्या, “लिखो की. किसी की अम्मी के काम आएगा.” म्हणून लिहितो आहोत.

२०२२च्या जुलै महिन्यात अम्मी उंबऱ्याला दोनदा अडखळल्या. एकदा भिंतीच्या कडेला खांदा आपटला. विचारले तर म्हणाल्या, “बाजू का जरा कम दिखता. उमर हुई ना.” त्याच रात्री आमच्यापैकी एकाने वहीत लिहिले : ‘अम्मी – डोळे’.

दुसऱ्या दिवशी शाळेत विद्यार्थ्यांचे आधार तपासून युडायसवर माहिती भरायची होती. ते झाले. तिसऱ्या दिवशी पाणी येणार होते. चौथ्या दिवशी मतदार यादीच्या कामाची बैठक. ‘अम्मी – डोळे’ ही ओळ रोज रात्री आम्ही इमानेइतबारे पुढच्या पानावर उतरवत होतो. पुढे रोज उतरवायचा कंटाळा आला, तेव्हा आठवड्याच्या पानावर गेली. मग महिन्याच्या पानावर. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, असे ठरले. सुट्टीत प्रशिक्षण निघाले. जानेवारीत जाऊ म्हणालो; जानेवारीत स्नेहसंमेलन, फेब्रुवारीत चाचण्या. अम्मींना विचारले की त्या आमचीच बाजू घ्यायच्या : “नक्को बेटा, पहले तुमारा इस्कूल का काम. मेरा क्या, सुट्टी में जाएंगे.”

आमच्या कामांचा रेटा खोटा नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. त्यात शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारी धरून ४५ तासांचा ठरवला आहे. शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये, असे त्याच कायद्याच्या २७व्या कलमात म्हटले आहे. प्रत्यक्षात दुपारी तीन वाजता मोबाईलवर निरोप येतो, की अमुक माहिती आज पाचपर्यंत भरा. पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक खाती, फोटो. त्यात उर्दू शाळेचे आणखी एक काम असते. कागद मराठीत येतो. तो पालकांना दखनीत समजावून सांगायचा, त्यांच्याकडून कागदपत्रे घ्यायची आणि पुन्हा मराठीत भरून पाठवायचा. आम्ही दोघेही हे काम मनापासून करतो. आमच्या लहानपणी आमच्या आईबापांना हे समजावून सांगणारे कुणी असते तर बरे झाले असते, असे वाटते म्हणून करतो.

२२ एप्रिल २०२३ला ईद झाली. घरात पाहुणे होते. अम्मी पलंगावर बसून होत्या आणि आमच्या मुलीने डाव्या बाजूने शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. अम्मी समोर बसलेल्या पाहुण्यांशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी हात हलवला आणि गरम शीरखुर्मा मुलीच्या हातावर, नव्या कपड्यांवर सांडला. मुलगी किंचाळली. अम्मी गोंधळून म्हणाल्या, “दिख्याच नै मेरेकू. कब आई ये?” वाटी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होती.

मुलीचा हात दोन दिवसांत बरा झाला. त्या आठवड्यात आम्ही दोघांनीही रजा टाकली आणि अम्मींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून त्यांच्या डोळ्यांचा दाब मोजला. दुसऱ्या यंत्रात समोर एका बिंदूवर नजर ठेवायची आणि बाजूला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातले बटण दाबायचे. आम्ही बाजूला उभे होतो. ठिपके येत होते आणि जात होते. अम्मींचे बोट बटणावर तसेच होते. आमच्या दोघांच्या पायांतले बळ गेले.

काचबिंदू. डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ असतो. अम्मींचा तिशीच्या पुढे होता. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. मोतीबिंदूत भिंग धुरकट होते, ते बदलता येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस मरत जाते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचे शेवटपर्यंत स्वच्छ दिसते. म्हणून माणसाला कळतच नाही. जी नजर गेली ती परत येत नाही. थेंब टाकून दाब कमी ठेवला तर उरलेली वाचवता येते. मग त्यांनी विचारले, “किती दिवसांपासून त्रास आहे?”

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक अंदाजाने देत असतील. आमच्याकडे पुरावा होता. नऊ महिने. वहीत तारखेसह लिहिलेले.

घरी आलो आणि त्या रात्री वही उघडली. मागची पाने उलटत गेलो. ‘गॅस नोंदणी’, बरोबर. ‘चादरींना रफू’, बरोबर. ‘मुलाची वॉटरबॅग’, बरोबर. ‘मोबाईलची काच’, बरोबर. ‘अम्मी – डोळे’. ‘अम्मी – डोळे’. ‘अम्मी – डोळे’. कधी एकाच्या अक्षरात, कधी दुसऱ्याच्या. आपण किती कामसू आहोत हे दाखवणारी ती वही आम्हाला त्या रात्री बंदही करवेना आणि वाचवेनाही.

अम्मी विड्या वळायच्या. तीस वर्षे वळल्या. सोलापुरात हे सांगितले की वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. भिजवलेले पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. त्या हजारांतून एका मुलाचे बी.एड. झाले. आम्हाला वेळेचा हिशोब शिकवायला पुस्तके लागली. अम्मींचे घड्याळ विड्यांच्या मोजणीवर चालायचे. इतक्या विड्यांत डाळ शिजते, इतक्या विड्यांत मुलाचा पाढा पाठ होतो. काचबिंदू झाल्यावरही त्यांना सुईत दोरा ओवता येत होता, तो समोरची नजर शाबूत असल्यामुळे. त्यावरूनच आम्ही समजत होतो, की अम्मींचे डोळे तसे चांगले आहेत.

पण त्या हजारांच्या घाईतही अस्र ते मगरिब एवढा वेळ अम्मी सूप बाजूला सारायच्या. त्या वेळात कुणाची विचारपूस, कुणाच्या घरी मयत झाली असेल तिथे बसणे, कुणाचे बाळ पाहणे, मुलाच्या अंगाला तेल लावणे. हजार भरले नाहीत तर रात्री दिव्याखाली भरतील, पण ती वेळ विड्यांना नाही. त्यांनी कधी यादी केली नाही. लिहिता येत नव्हते. तरी ज्या कामाला कुणी तारीख दिलेली नव्हती, ते त्यांच्या हातून राहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

आम्ही खूप विचार केला, की एवढी शिस्त असून हे झाले कसे. तीन गोष्टी लक्षात आल्या. एक, बाकीच्या प्रत्येक कामाला शेवटची तारीख होती. अम्मींच्या डोळ्यांना नव्हती. दोन, बाकीच्या कामांचे विचारणारे कुणी तरी होते : केंद्रप्रमुख, बँक, पालक. अम्मी विचारणार नव्हत्या. तीन, आमची शिस्त वीस मिनिटांच्या कामांची होती. जाता जाता होणारे काम तिच्यात चटकन बसायचे. डोळ्यांच्या तपासणीला अर्धा दिवस हवा होता आणि अर्धा दिवस रिकामा कधीच सापडत नाही. तो काढावा लागतो. बैठकीसाठी आम्ही तो प्रत्येक वेळी काढला होता.

आणि एक चौथी गोष्ट, जी कबूल करायला जड जाते. बरोबरची खूण करण्यात एक सुख असते. दिवसाला बारा खुणा झाल्या की आपण फार काही केले असे वाटते. त्या सुखासाठी माणूस सोपी कामे आधी करतो.

त्यानंतर वही आम्ही बंद केली नाही, तिची मांडणी बदलली. डाव्या पानावर पूर्वीसारखीच तारखेची कामे. उजव्या पानावर बिनतारखेची. त्यात एका वेळी तीनच कामे लिहायची आणि लिहितानाच समोर दिवस आणि वेळ घालायची. ‘जमेल तेव्हा’, ‘सुट्टीत’, ‘पुढच्या महिन्यात’ हे शब्द उजव्या पानावर बंद. ज्याने काम लिहिले त्याने ते करायचे नाही, दुसऱ्याने करायचे; लिहिणाऱ्याने विचारायचे. म्हणजे प्रत्येक कामाला विचारणारे एक माणूस मिळाले. आपल्याकडे नमाजला वेळ ठरलेली आहे म्हणून ती धंद्यात, शेतात, प्रवासात होते. ‘सवड मिळेल तेव्हा पढा’ असे असते तर आमच्यासारख्यांची किती झाली असती, हे आम्ही सांगायला नको. अम्मींचे थेंबही आम्ही तसेच बांधले : एक वेळ फजरनंतर, एक वेळ इशानंतर. त्यासाठी घड्याळ लावावे लागत नाही.

उजव्या पानाने आणखी एक गोष्ट उघडी केली. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात आले. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. आमच्या घरात तसे नाही, असे आमच्यापैकी एकजण ताबडतोब म्हणाला. दुसरीने काही न बोलता वही आणून समोर ठेवली. महिन्याभराची अक्षरे मोजली. बाहेरची कामे जवळजवळ निम्मी-निम्मी होती. पण डबे, पाणी, औषधे, मुलांचा अभ्यास वहीत लिहिलेच जात नव्हते. ते कुणी तरी करतच होते. जे काम वहीत नाही त्याची खूणही नाही. त्या दिवसापासून पाणी भरणे आणि रात्रीची भांडी यांचा हात बदलला. भांडण झाले नाही असे नाही. झाले आणि मिटले.

शाळेतलेही एक सांगतो. सातवीतली एक मुलगी आठवड्यातून एक-दोनदा हमखास उशिरा यायची. आम्ही तिला दाराशी उभी करून वक्त की कद्र या विषयावर ऐकवायचो. अम्मींच्या प्रसंगानंतर एकदा तिला नीट विचारले. ज्या दिवशी पाणी यायचे त्या दिवशी तिची आई पहाटे कामावर गेलेली असायची. धाकट्या भावाला सांभाळत पिंप भरून ती शाळेत यायची. आमच्या वर्गात वेळेची कदर सर्वांत जास्त कुणाला होती, ते आम्हाला त्या दिवशी कळले. आता तिच्या त्या दिवसाची हजेरी आम्ही दुसऱ्या तासाला घेतो आणि पहिल्या तासाचे गणित मधल्या सुट्टीत करून देतो. तिच्या घरचे पाणी आमच्याने लवकर येणार नाही. एवढे करता आले.

अम्मींची नजर तेवढीच आहे. दर काही महिन्यांनी दाब मोजतो, तो आटोक्यात आहे. घरात आता कुणी त्यांच्या डाव्या बाजूने बोलत नाही. मुले समोर येऊन उभी राहतात आणि मग हात पुढे करतात. हे आम्ही त्यांना शिकवले नाही, ती आपोआप शिकली.

डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी एक सांगितले होते. काचबिंदू घराण्यात चालतो. रोग्याच्या मुलांनी, भावंडांनी चाळिशीची वाट न पाहता डोळे तपासून घ्यावेत. म्हणजे आमच्यापैकी एकाने तपासून घ्यायला हवे. ते काम उजव्या पानावर आहे. दिवस आणि वेळ घालून लिहिले आहे. खरे सांगायचे तर पहिली तारीख शाळेच्या तपासणीत गेली. दुसरी तारीख एका लग्नात.

तिसरी तारीख येत्या शनिवारची आहे. या वेळी विचारण्याचे काम अम्मींनी स्वतःकडे घेतले आहे. त्या वही वाचू शकत नाहीत, पण रोज अस्रनंतर पलंगावर बसून आवाज देतात : “शनीचर कू जाते ना बेटा? कितने बजे?”

“साडेदहाला, अम्मी.”

“लिखे क्या?”

“लिहिलंय.”

“लिखे सो देखी मैं,” त्या म्हणतात. “जाते क्या, वो बोलो.”